बालखेळाडूंच्या निवडक हॉकी-स्पर्धा आणि पालकांमधील वाद : एक समाजशास्त्रीय विवेचन

१. विषयप्रवेश

खेळ ही संस्था समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी दीर्घकाळ दुय्यम मानली. कुटुंब, शिक्षण, धर्म व अर्थव्यवस्था यांच्या अभ्यासास जे स्थान मिळाले, ते खेळाच्या अभ्यासास पुष्कळ उशिरा लाभले. वस्तुतः एखादा समाज आपल्या मुलांना कोणता खेळ खेळावयास लावतो, त्यासाठी किती खर्च करतो आणि त्याबद्दल परस्परांत कोणते वाद घालतो, यांवरून त्या समाजाच्या बालपणविषयक कल्पना फार स्पष्टपणे दिसून येतात. कॅनडामध्ये व अमेरिकेच्या उत्तर भागात मुलांच्या निवडक हॉकी-स्पर्धांविषयी पालकांमध्ये जो वाद सतत चालू असतो, तो या दृष्टीने उद्बोधक आहे. त्या वादाचे स्वरूप स्पष्ट करणे आणि त्यातील निरनिराळ्या युक्तिवादांची उपलब्ध संशोधनाच्या आधारे परीक्षा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

आरंभीच एक खुलासा करणे आवश्यक आहे. आपल्याकडे हॉकी म्हटले की मैदानावर चेंडूने खेळावयाचा खेळ डोळ्यांपुढे येतो. येथे मात्र हॉकी हा शब्द सर्वत्र बर्फावर, पायांत स्केट घालून, रबरी चकतीने खेळावयाच्या खेळासाठी वापरला आहे. या खेळाचा छताखाली झालेला पहिला संघटित सामना ३ मार्च १८७५ रोजी माँट्रियल येथे झाला, असे सामान्यतः मानले जाते. तेव्हापासून तो कॅनडाच्या राष्ट्रीय जाणिवेशी इतका निगडित झाला आहे, की आपल्या मुलाने हॉकी खेळावी की नाही हा प्रश्न तेथे निव्वळ करमणुकीचा राहत नाही.

२. स्पर्धांचे स्वरूप

मुलांच्या हॉकीचे सामान्यतः दोन थर असतात. पहिला थर वस्तीतील वा गावातील संघांचा. त्यात जो नाव नोंदवील त्यास खेळावयास मिळते. दुसरा थर चाचणी घेऊन निवडलेल्या संघांचा. हे संघ दूरदूर प्रवास करतात, त्यांचा सराव अधिक असतो आणि खर्चही अनेक पटींनी अधिक असतो. निवडक स्पर्धा या दुसऱ्या थराच्या शिरोभागी येतात. त्यांची दोन उदाहरणे विशेष प्रसिद्ध आहेत.

पहिले उदाहरण क्वेबेक शहरातील आंतरराष्ट्रीय पी-वी स्पर्धेचे. १९६० साली सुरू झालेली ही स्पर्धा दर वर्षी फेब्रुवारीत, त्या शहरातील हिवाळी उत्सवाच्या सुमारास भरते. पी-वी म्हणजे स्थूलमानाने अकरा व बारा वर्षांच्या मुलांचा गट. अलीकडच्या काळात तिच्यात सुमारे १२० संघ व दोन हजारांहून अधिक खेळाडू भाग घेतात. गी लाफ्लर १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आणि वेन ग्रेट्झ्की १९७४ साली याच स्पर्धेत चमकले. १९८४ साली मानों रेओम ही मुलगी येथे गोलरक्षक म्हणून उतरली. पुढे १९९२ साली नॅशनल हॉकी लीगमधील एका संघाकडून प्रदर्शनीय सामन्यात खेळणारी ती पहिली स्त्री ठरली.

दुसरे उदाहरण एडमंटन येथील ब्रिक स्पर्धेचे. १९९० पासून भरणारी ही स्पर्धा दहा वर्षांच्या मुलांसाठी असून ती भर उन्हाळ्यात, जुलैच्या आरंभी, एका विशाल बाजारसंकुलातील रिंकवर खेळली जाते. तिच्यात येणारे संघ नेहमीच्या क्लबांचे नसतात. प्रांतोप्रांतीची व निरनिराळ्या शहरांतील निवडक मुले तेवढ्यापुरती एकत्र केलेली असतात. साहजिकच निवडीच्या चाचण्या मुले नऊ-दहा वर्षांची असतानाच होतात, आणि हिवाळ्याचा अधिकृत हंगाम संपल्यावरही वसंत ऋतूत हॉकी चालूच राहते. हा वसंतकालीन व्यवहार बऱ्याच अंशी खाजगी संयोजकांच्या हाती आहे.

३. वादाचे दोन पक्ष

अशा स्पर्धेसाठी मुलाची निवड झाली, की कुटुंबापुढे प्रश्न उभा राहतो : जावे की न जावे? या प्रश्नावर रिंकच्या बाकांवर बसलेल्या पालकांत दोन तट पडलेले दिसतात.

अनुकूल पक्षाचे म्हणणे थोडक्यात असे. उत्तम खेळाडूंशी सामना झाल्याखेरीज मुलाला आपली खरी पातळी कळत नाही. गावातल्या गावात विजय मिळवणारा मुलगा आत्मसंतुष्ट बनतो. पराभव पचविणे, अपरिचित मुलांशी जुळवून घेणे, दडपणाखाली शांत राहणे या गोष्टी अशा स्पर्धांतच शिकावयास मिळतात. शिवाय पारखी लोकांची नजर तेथे असते. ती संधी एकदा हुकली की पुन्हा येईलच असे नाही.

प्रतिकूल पक्ष म्हणतो, दहा वर्षांच्या मुलाची पारख करण्यात अर्थच नाही. प्रवास, निवास, प्रवेशशुल्क व साहित्य यांचा खर्च सामान्य कुटुंबाला पेलवत नाही. भावंडांच्या सुट्ट्या एकाच मुलाच्या वेळापत्रकास बांधल्या जातात. खेळ हा खेळ न राहता नोकरीसारखा होतो, आणि ज्या वयात मुलाने झाडावर चढावे, पोहावे वा नुसते भटकावे, त्या वयात तो वर्षभर एकच काम करीत राहतो.

दोन्ही पक्ष प्रामाणिक आहेत आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. तरीही हा वाद निष्फळ होतो, याचे पहिले कारण असे, की ‘मूल्य’ हा एकच शब्द तीन निरनिराळ्या अर्थांनी वापरला जातो. स्पर्धेचे मूल्य गुंतवणूक म्हणून एक असू शकते, शिक्षण म्हणून दुसरे आणि अनुभव म्हणून तिसरे. एका अर्थाने केलेल्या विधानास दुसऱ्या अर्थाने उत्तर दिले गेले, तर वाद मिटण्याचा संभवच उरत नाही. म्हणून या तिन्ही अर्थांचा स्वतंत्रपणे विचार करू.

४. गुंतवणूक म्हणून मूल्य

क्वेबेकच्या स्पर्धेत खेळलेले एक हजारांहून अधिक खेळाडू पुढे नॅशनल हॉकी लीगमध्ये गेले, ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते. पालकांच्या मनावर तिचा परिणाम मोठा होतो. परंतु तीतून निष्कर्ष काढण्यापूर्वी दोन गोष्टी पाहिल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट प्रमाणाची. सहा दशकांहून अधिक काळ चाललेल्या या स्पर्धेत भाग घेतलेल्या मुलांची एकूण संख्या एक लाखाच्या आसपास असावी, असा स्थूल अंदाज केल्यास हे प्रमाण शंभरात एकाच्या घरात येते. म्हणजे अत्यंत निवडक मुलांपैकीही नव्व्याण्णव मुले त्या शिखरावर पोहोचली नाहीत. सर्वसाधारण मुलांच्या बाबतीत तर आकडे अधिकच बोलके आहेत. जिम पार्सल्स यांनी १९७५ साली जन्मलेल्या, ऑन्टारिओ प्रांतात हॉकी खेळणाऱ्या सुमारे ३०,००० मुलांचा मागोवा घेतला. त्यांपैकी नॅशनल हॉकी लीगच्या संघांनी निवडलेली मुले ४८ होती आणि प्रत्यक्ष त्या लीगमध्ये एखादा तरी सामना खेळलेली अवघी ३२. म्हणजे सुमारे ९४० मुलांत एक. हेच पार्सल्स व केन कॅम्बेल यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पालकांना विकल्या जाणाऱ्या या स्वप्नाची सविस्तर चिकित्सा केली आहे.

दुसरी गोष्ट कार्यकारणभावाची. स्पर्धेत खेळलेले काही जण मोठे खेळाडू झाले, एवढ्यावरून स्पर्धेमुळे ते मोठे झाले असे सिद्ध होत नाही. स्पर्धा ही मुळातच चांगले खेळणारी मुले एकत्र करते. ती न भरती तर ती मुले मागे राहिली असती काय, हा खरा प्रश्न आहे. निवड आणि परिणाम यांची ही गल्लत सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्यास अपरिचित नाही. प्रसिद्ध शाळेच्या उत्तम निकालाचे श्रेय संपूर्णपणे शाळेस देताना आपण हीच चूक करतो.

५. निवडीची विश्वसनीयता

गुंतवणुकीच्या युक्तिवादात आणखी एक गृहीतक दडलेले असते : दहाव्या वर्षी केलेली निवड ही गुणवत्तेची निवड असते. या गृहीतकास सर्वांत मोठा धक्का दिला तो कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्स्ली यांच्या संशोधनाने. अल्बर्टा प्रांतातील लेथब्रिज येथे एक सामना पाहत असता पत्रिकेत छापलेल्या खेळाडूंच्या जन्मतारखा त्यांच्या पत्नींच्या नजरेस आल्या, आणि त्यांतील बहुसंख्य तारखा वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांतील असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. १९८५ साली बार्न्स्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी या घटनेचे शास्त्रीय विवेचन प्रसिद्ध केले. आज ती ‘सापेक्ष वयाचा परिणाम’ या नावाने ओळखली जाते.

तिची उपपत्ती सोपी आहे. मुलांचे गट १ जानेवारी ही सीमा धरून पाडले जातात. त्यामुळे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला अशी दोन्ही मुले एकाच गटात येतात. दहा वर्षांच्या वयात जवळजवळ एका वर्षाचा फरक म्हणजे आयुष्याचा दहावा हिस्सा होय. उंची, वजन व स्नायूंवरील ताबा यांत तो स्पष्ट दिसतो. निवड करणारा या वाढीसच गुण समजतो. निवडलेल्या मुलास अधिक सराव, चांगले प्रशिक्षक व अधिक सामने मिळतात, आणि आरंभी केवळ वयाचा असलेला फरक कालांतराने खरोखरच कौशल्याचा फरक बनतो. अशा रीतीने निवड स्वतःचे समर्थन स्वतःच निर्माण करते.

परंतु कथा येथेच संपत नाही. रॉबर्ट डीनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९८० ते २००७ या काळात नॅशनल हॉकी लीगच्या संघांनी निवडलेल्या कॅनडियन खेळाडूंचा विचार केला आहे. वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेल्यांचे प्रमाण त्यांत सुमारे ३६ टक्के, तर शेवटच्या तिमाहीत जन्मलेल्यांचे सुमारे १४.५ टक्के आढळले. मात्र त्याच क्रमांकावर निवडलेल्या खेळाडूंची तुलना केली असता उत्तरार्धात जन्मलेले खेळाडू पुढील कारकिर्दीत अधिक यशस्वी ठरले. याचा अर्थ असा, की सतराअठराव्या वर्षी, व्यावसायिक पारख्यांकडूनदेखील वयाने लहान असलेल्यांच्या गुणांचे मोल कमी केले जात होते. मग नऊ वर्षांच्या मुलाच्या चाचणीत लागलेल्या निकालावर कुटुंबाने किती भरवसा ठेवावा?

६. शिक्षण म्हणून मूल्य

उत्तम प्रतिस्पर्ध्याशी खेळल्याने खेळ सुधारतो, हे म्हणणे तत्त्वतः बरोबर आहे. प्रश्न आहे तो मात्रेचा. उदाहरणादाखल एक साधा हिशेब करू. पंचेचाळीस मिनिटांच्या सामन्यात आघाडीच्या खेळाडूंच्या तीन तुकड्या आळीपाळीने उतरत असतील, तर प्रत्येक मुलाच्या वाट्यास सुमारे पंधरा मिनिटे येतात. चार सामन्यांत मिळून एक तास होतो, आणि त्या तासात चकती प्रत्यक्ष त्याच्या काठीजवळ असते ती फारच थोडा वेळ. तीनचार दिवसांचा प्रवास व मोठा खर्च यांच्या मोबदल्यात मिळणारा हा सराव गावातील रिंकवर एका संध्याकाळी मिळू शकतो. सामना हा झालेल्या शिक्षणाची परीक्षा असतो; तो शिक्षणाची जागा घेऊ शकत नाही.

ज्याँ कोते या कॅनडियन अभ्यासकाने खेळाडूंच्या विकासाचे जे प्रतिमान मांडले आहे, त्यात सुमारे सहा ते बारा वर्षे हा काळ निरनिराळे खेळ चाखून पाहण्याचा मानला आहे. एका खेळाकडे वळणे व त्यात झोकून देणे या अवस्था त्यानंतरच्या. मायकेल वॉल व कोते यांनी २००७ साली हॉकीतील उच्च पातळीवरील मुलांचा एक लहानसा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांनी पुढे खेळ सोडला, त्यांनी बर्फाबाहेरील व्यायाम-प्रशिक्षण इतरांपेक्षा लहान वयात सुरू केले होते, असे त्यात आढळले. नमुना लहान असल्याने यावरून सार्वत्रिक नियम काढणे योग्य होणार नाही. परंतु ‘जितके लवकर तितके उत्तम’ या समजुतीला त्यातून निश्चितच आधार मिळत नाही. अनुकूल पक्ष ज्या ग्रेट्झ्कीचे उदाहरण वारंवार देतो, तो बालपणी उन्हाळ्यात बेसबॉल व लॅक्रॉस खेळत असे, ही गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे.

७. अनुभव म्हणून मूल्य

तिसऱ्या अर्थाने मात्र अनुकूल पक्षाची बाजू बळकट आहे, आणि प्रतिकूल पक्षाने तिची उपेक्षा करणे न्याय्य नव्हे. क्वेबेकच्या स्पर्धेत परगावची मुले परंपरेने स्थानिक कुटुंबांच्या घरी उतरतात. इंग्रजी बोलणाऱ्या वा दूरदेशाहून आलेल्या बारा वर्षांच्या मुलाने फ्रेंचभाषक कुटुंबात आठवडाभर राहावे, त्यांच्यासोबत जेवावे, इतर देशांतील मुलांशी आपल्या संघाच्या बिल्ल्यांची देवघेव करावी, भरलेल्या प्रेक्षागारात खेळावे, हा अनुभव आयुष्यभर पुरणारा आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये युद्धामुळे मायदेश सोडावा लागलेल्या युक्रेनी मुलांचा एक संघ या स्पर्धेत खेळला. त्या मुलांच्या दृष्टीने स्पर्धेचे मूल्य त्यांतील कितीजण व्यावसायिक खेळाडू होतील यावर अवलंबून होते, असे कोण म्हणेल?

परंतु हे मूल्य टिकावयाचे तर एक अट आहे : पालकांनी त्याकडे गुंतवणूक म्हणून पाहता कामा नये. या संदर्भात ट्रॅव्हिस डॉर्श व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील कुटुंबांचा केलेला, २०१६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास महत्त्वाचा आहे. कुटुंबाच्या उत्पन्नाचा जितका मोठा हिस्सा मुलाच्या खेळावर खर्च होतो, तितके मुलाला पालकांचे दडपण अधिक जाणवते, आणि हे दडपण जितके अधिक, तितका त्याचा खेळातील आनंद व खेळत राहण्याची निष्ठा कमी, असा संबंध त्यांना आढळला. पालक काही बोलले नाहीत तरी मूल हिशेब जाणते. परतीच्या लांबलचक प्रवासात मोटारीतील शांततेचा अर्थ त्यास कळतो. अशा प्रकारे पहिल्या अर्थाचे मूल्य मिळविण्याची धडपड तिसऱ्या अर्थाचे मूल्य नष्ट करते.

८. वाद मिटत का नाही?

येथवरच्या विवेचनावरून असे वाटेल, की पालकांपुढे ही माहिती ठेवली की प्रश्न सुटेल. अनुभव तसा नाही. पुष्कळ पालकांना हे आकडे स्थूलमानाने ठाऊक असतात. तरीही ते जातात. याचे कारण त्यांच्या अज्ञानात न शोधता परिस्थितीच्या घडणीत शोधले पाहिजे.

अर्थशास्त्रज्ञ फ्रेड हर्श यांनी १९७६ साली ‘स्थाननिष्ठ’ वस्तूंची कल्पना मांडली. ज्या वस्तूचे मोल इतरांपाशी ती नसण्यावर अवलंबून असते, ती सर्वांनी मिळविण्याचा प्रयत्न केल्यास सर्वांचे श्रम वाढतात, पण कोणाचेही सापेक्ष स्थान सुधारत नाही. गर्दीत एकजण टाचा उंचावून उभा राहिला तर त्यास अधिक दिसते. सारेच टाचा उंचावू लागले तर कोणासही अधिक दिसत नाही, पाय मात्र सर्वांचे दुखतात. निवडक संघातील जागा ही अशीच वस्तू आहे. शेजारचा मुलगा उन्हाळ्यातही खेळत असेल, तर आपल्या मुलाने विश्रांती घेणे म्हणजे मागे पडणे, अशी भीती पालकांस वाटते. आणि पुढील निवडीपुरती ती निराधारही नसते. प्रत्येक कुटुंबाचा निर्णय स्वतंत्रपणे शहाणपणाचा असतो, पण त्या निर्णयांची बेरीज शहाणपणाची नसते.

यास वर्गीय बाजूही आहे. ॲनेट लारो यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकी मध्यमवर्गाच्या संगोपनपद्धतीचे वर्णन ‘योजनाबद्ध संवर्धन’ असे केले आहे. मुलाचा प्रत्येक मोकळा तास एखाद्या संघटित उपक्रमाने भरणे हे या पद्धतीत चांगल्या पालकत्वाचे लक्षण ठरते. स्पर्धेस नकार देणे म्हणजे केवळ एका सहलीस नकार देणे राहत नाही. आपण मुलासाठी शक्य ते सर्व केले नाही, अशी कबुली देण्यासारखे ते वाटते. ज्यांना खर्च झेपत नाही त्यांच्यापुढे तर निवडीचा प्रश्नच येत नाही. त्यांची मुले चाचणीपूर्वीच गळालेली असतात, आणि गुणवत्तेच्या नावाखाली चाललेली निवड काही अंशी उत्पन्नाची निवड ठरते.

९. संस्थात्मक उपाय

प्रश्न सामुदायिक असेल तर उपायही सामुदायिक असावयास हवा. याची साक्ष हॉकीच्या इतिहासातच मिळते. अंगाने धडक देण्याची मुभा असलेल्या अल्बर्टा प्रांतातील आणि ती नसलेल्या क्वेबेक प्रांतातील पी-वी खेळाडूंची तुलना कॅरोलिन एमरी व सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केली. अल्बर्टात मेंदूस धक्का बसण्याचा धोका तिपटीहून अधिक आढळला. एकट्या पालकास या ज्ञानाचा उपयोग मर्यादितच होता, कारण आपल्या मुलाने धडक न देणे म्हणजे केवळ इतरांच्या धडका खाणे होय. अमेरिकेच्या हॉकी-संघटनेने २०११ च्या हंगामापासून आणि कॅनडाच्या संघटनेने २०१३ च्या हंगामापासून या वयोगटात धडक देण्यास बंदी केली, तेव्हाच प्रश्नास उत्तर मिळाले.

स्पर्धांच्या बाबतीतही काही प्रयत्न झाले आहेत. अमेरिकी संघटनेने २००९ साली बालखेळाडूंच्या विकासाची नवी पद्धती स्वीकारली आणि बारा वर्षांखालील मुलांची राष्ट्रीय अजिंक्यपद-स्पर्धा बंद केली. नॉर्वेने १९८७ साली मुलांच्या खेळाविषयी नियम केले व २००७ मध्ये ते सुधारले. त्यांनुसार अकराव्या वर्षापूर्वी निकालांच्या क्रमवाऱ्या प्रसिद्ध करावयाच्या नाहीत आणि तेराव्या वर्षापूर्वी राष्ट्रीय अजिंक्यपद-स्पर्धांत मुलांनी उतरावयाचे नाही. याच नॉर्वेने २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये १६ सुवर्णपदके मिळविली. ती नियमांमुळेच मिळाली असे म्हणणे म्हणजे चौथ्या परिच्छेदात दाखविलेली चूक स्वतःच करणे होईल. हॉकीत तर नॉर्वेचे स्थान कॅनडाच्या जवळपासही नाही. एवढे मात्र म्हणता येते, की बालपणी अजिंक्यपदे नसणे हे प्रौढपणीच्या यशास मारक ठरत नाही. तथापि खाजगी संयोजकांच्या स्पर्धांना संघटनांचे नियम सहसा लागू होत नाहीत, ही या उपायांची मोठी उणीव होय.

१०. समारोप

सारांश, निवडक स्पर्धांचे मूल्य गुंतवणूक म्हणून अत्यल्प, शिक्षण म्हणून माफक आणि अनुभव म्हणून खरे, परंतु नाजूक आहे. ज्या कुटुंबास तो खर्च सहज झेपतो, ज्याच्या मुलास जाण्याची स्वतःची इच्छा आहे आणि ज्यास परतल्यावर कोणत्याही फळाची अपेक्षा नाही, त्याने अवश्य जावे. जे कर्ज काढून जातात, ते बहुधा जे विकत घेऊ पाहतात तेच गमावून बसतात.

अभ्यासकाच्या दृष्टीने या वादातील एक उणीव सर्वांत अधिक जाणवते. दोन्ही पक्ष मुलाच्या भविष्याबद्दल बोलतात. एक त्याच्या यशाची चिंता करतो, दुसरा त्याच्या थकव्याची. पण दहावे वर्ष हे विसाव्या वर्षाची केवळ पूर्वतयारी नसून तेही आयुष्याचेच एक वर्ष आहे, आणि ज्याचे ते आहे त्याचे मत या वादात क्वचितच विचारले जाते. बालपणाचे मूल्य त्याच्या फलितावरून ठरविण्याची सवय केवळ हॉकीपुरती किंवा कॅनडापुरती मर्यादित नाही. परीक्षा, शिष्यवृत्त्या व प्रवेश यांच्या मागे लागलेल्या कोणत्याही समाजास हा प्रश्न स्वतःस विचारावा लागेल, आणि म्हणूनच दूरदेशीच्या एका खेळाविषयीचा हा वाद आपल्या अभ्यासविषयाच्या कक्षेत येतो.